कॅबरे व्होल्टेअर ऐकायचंय? सुरुवात अशी करा

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कॅबरे व्होल्टेअर या बँडचं नाव इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात येतं, पण त्यांची एखादी रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकलेला माणूस क्वचितच भेटतो. कोणीतरी सांगतं, 'यांच्याशिवाय पुढचं काही झालंच नसतं', म्हणून आपण उत्साहाने १९७९ची रेकॉर्ड लावतो. दोन मिनिटं खरखर, किरकिर आणि न समजणारा माणसाचा आवाज ऐकतो आणि बंद करतो. त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. या संगीतात शिरायचा दरवाजा नेहमीच्या जागी नाही, एवढंच.

माझ्या मते तो दरवाजा असा आहे: हे तीन माणसांचं संगीत आहे, तिघांचा थर वेगळा आहे, आणि प्रत्येक थर मुद्दाम मळवलेला आहे. स्वच्छ आवाज त्यांना नकोच होता. थर सुटे करून ऐकायची सवय लागली, की जो गोंगाट वाटत होता त्यात माणसं दिसायला लागतात. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका सवयीसाठी आहेत. आपण १९७८ ते १९८१ एवढ्याच काळात राहणार आहोत. बास गिटारवर आणि गायला स्टीफन मॅलिंडर, गिटार आणि क्लॅरिनेटवर रिचर्ड एच. कर्क, ऑर्गन आणि टेपवर ख्रिस वॉटसन, असे तिघे एकत्र होते तो हा काळ.

आधी सामान

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मॅलिंडरचा बास हा या संगीताचा कणा आहे आणि फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही. मग उरतो तो फक्त वरचा खरखराट, आणि माणूस म्हणतो, यात काही नाही. साधे, तारेचे, बऱ्यापैकी हेडफोन पुरतात. 'बास बूस्ट', 'सराउंड' असलं जे काही फोनमध्ये चालू असेल ते बंद करा. आवाज मध्यम ठेवा. या रेकॉर्डवर तीक्ष्ण आवाज खूप आहेत, मोठ्याने लावलंत तर कान लवकर थकतील. एका बैठकीला अर्धा तास भरपूर झाला.

गाण्याचे शब्द नेटवर शोधायचे नाहीत, निदान पहिले काही दिवस तरी. मुखडा कुठे, अंतरा कुठे हेही शोधायचं नाही.

पहिली पायरी: एकच गाणं, तीन वेळा

गाणं आहे 'नॅग नॅग नॅग'. १९७९ साली रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने काढलेलं सिंगल, लांबी साडेचार मिनिटांच्या आसपास. ते लागोपाठ तीनदा ऐकायचं, पण दर वेळी कान एकाच गोष्टीवर ठेवायचा.

पहिल्या खेपेला फक्त ड्रम मशीन. त्या काळातली ही यंत्रं घरी ऑर्गन वाजवणाऱ्या हौशी लोकांसाठी बनवलेली असत. बटण दाबलं की बोसा नोव्हा, वॉल्ट्झ असे तयार ठेके सुरू. अशा सभ्य यंत्राला या मंडळींनी पळायला लावलं आणि त्याचा आवाज फाटेपर्यंत ताणला. ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल. आपला कान समेची वाट बघतो. तबलजी समेकडे येताना थोडं थांबतो, थोडं ढकलतो, आणि ते आपल्याला न सांगता कळतं. इथे प्रत्येक घाव सारख्याच वजनाचा आहे, कोणी कशाकडे येत नाही. मिनिटभराने तुमचा कान आपण होऊन कुठल्यातरी घावावर सम ठेवायला लागेल. ती कुठे ठेवतोय ते बघा, पुढच्या वेळी ती जागा बदललेली असेल. गंमत वाटेल, पण या संगीतातली अस्वस्थता बरीचशी तिथूनच येते.

दुसऱ्या खेपेला गिटार आणि ऑर्गन. कर्कची गिटार फझ या आवाज फाडणाऱ्या इफेक्टमधून आलेली आहे, म्हणजे सुरांच्या कडा खाऊन टाकलेल्या आहेत. त्यामुळे तिचा आणि ऑर्गनचा आवाज एकमेकांत मिसळतो आणि कोण कुठलं ते कळत नाही. ओळखायची खूण सुरुवातीला असते. गिटारीच्या सुराच्या तोंडाशी तार खरवडल्याचा आवाज येतो. ऑर्गनचा सूर एकदम, सपाट सुरू होतो आणि बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. वॉटसनकडे व्हॉक्स कॉन्टिनेंटल हा ट्रान्झिस्टर ऑर्गन होता, ६०च्या दशकातल्या रॉक बँडांचा आवडता. तो पातळ, किंचित नाकातला आवाज एकदा कानात बसला की या बँडच्या कुठल्याही रेकॉर्डवर चटकन सापडतो.

तिसऱ्या खेपेला गळा. शब्द कळणार नाहीत, शीर्षकाचे तीन सोडले तर. कळावेत अशी त्यांची इच्छाही नव्हती. हा आवाज बाकीच्या वाद्यांच्या बरोबरीने, त्यांच्यातच मिसळून ठेवलेला आहे, वर नाही. आपल्याकडे गायक पुढे आणि साथ मागे ही रचना इतकी पक्की आहे, की ती मोडलेली ऐकायला थोडा वेळ लागतो.

दुसरी पायरी: माळ्यावरच्या टेप

आता थोडं मागे जाऊ, कारण हा आवाज कुठून आला ते कळलं की पुढचं सोपं होतं.

१९७३मध्ये हे तिघे शेफील्डमध्ये एकत्र आले तेव्हा त्यांना बँड काढायचा नव्हता. वॉटसन टेलिफोन इंजिनिअर होता. तारा, सोल्डरिंग, सर्किट हा त्याचा रोजचा धंदा. टेप रेकॉर्डर हेही वाद्यच आहे, हा ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराचा विचार त्यांनी मनावर घेतला होता. वॉटसनच्या घराच्या माळ्यावर जमून ते आवाज गोळा करायचे, उलटे वाजवायचे, कापायचे, जोडायचे. बँडचं नाव १९१६च्या झुरिकमधल्या दादावाद्यांच्या, म्हणजे कलेचे रूढ नियम मोडणाऱ्या कलाकारांच्या, क्लबवरून घेतलेलं, आणि वृत्तीही तीच.

टेप लूप म्हणजे नेमकं काय, ते डोळ्यांसमोर आणा. रीळ-टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर या वेगाने पळत असते. दोन सेकंदांचा तुकडा हवा तर टेप मोजायची ३८ सेंटीमीटर, पात्याने तिरकी कापायची, दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडायची आणि तो गोल रेकॉर्डरच्या हेडवरून फिरत ठेवायचा. टेप ताणलेली राहावी म्हणून बाटलीच्या नाहीतर पेन्सिलीच्या भोवतीने फिरवायची. कापणं तिरकं, कारण सरळ कापलं तर जोडावर 'टक्' असा आवाज येतो. तिरक्या जोडात एक आवाज विरत असतानाच दुसरा उगवतो. एवढी काळजी घेऊनही प्रत्येक फेरीत जोड हलकासा जाणवतोच, आणि तो जाणवणं हाच ठेका होतो. या बँडचे सुरुवातीचे 'ड्रम' असे हाताने कापलेले आहेत.

मे १९७५मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. आयोजकांना वाटलं होतं, नाचायला रॉक वाजवतील. तालाला होती वाफेच्या घणाच्या आवाजाची लूप, त्यावर कर्कची क्लॅरिनेट. प्रेक्षक मंचावर चढले, मारामारी झाली आणि मॅलिंडरच्या पाठीच्या हाडाला इजा झाली. पोलादाच्या गावात घणाचा आवाज लोकांना परका नव्हताच. रात्री शहरभर ऐकू येणाऱ्या भट्ट्या आणि घण ही तिथल्या एका अख्ख्या पिढीची आठवण आहे. तोच आवाज नाचाच्या कार्यक्रमात संगीत म्हणून समोर आला, तेव्हा तो सोसला नाही.

या काळातल्या टेप २००३मध्ये 'मेथडॉलॉजी ७४/७८: ॲटिक टेप्स' या तीन सीडींच्या संचात आल्या. सगळा संच ऐकायची गरज नाही. कुठूनही दहा मिनिटं ऐका, आणि जोड कुठे आहे तो पकडा. पकडता आला की पायरी झाली.

तिसरी पायरी: आवाज मळवणारी पेटी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कॅबरे व्होल्टेअरच्या आवाजाचं गुपित मला विचाराल तर ते एका ब्रीफकेसमध्ये होतं: लंडनच्या ईएमएस कंपनीचा सिंथी एकेएस हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज बनवणारं वाद्य. सूर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर, आवाज गाळणारा फिल्टर, घुमारा देणारा स्प्रिंग रिव्हर्ब, एक जॉयस्टिक, आणि मध्यभागी १६ बाय १६ छिद्रांचा चौकोन. तारा जोडायच्या नाहीत. छोट्या पिना छिद्रांत खोचायच्या, की आडव्या ओळीतला आवाज उभ्या ओळीतल्या यंत्रात शिरला. महत्त्वाचं म्हणजे यात बाहेरचा आवाजही घालता येत असे. माइक लावा, गिटार लावा, टेप लावा. बऱ्याच बँडांनी सिंथचा उपयोग सूर काढायला केला. यांनी तो आपले स्वतःचे आवाज त्यातून गाळून काढायला केला.

त्या पेटीतला रिंग मॉड्युलेटर समजून घ्या. तो दोन आवाजांचा गुणाकार करतो, आणि बाहेर पडतात ते दोघांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी. समजा गाणाऱ्याचा सूर २०० हर्ट्झवर आहे आणि ऑसिलेटर ३० हर्ट्झवर. बाहेर येतील १७० आणि २३०, आणि मूळचे २०० गायब. आता गळ्यातून २००चा सूर निघतो तेव्हा त्याच्यासोबत ४००, ६०० असे उपसूरही निघतातच. त्यांचे होतात ३७० आणि ४३०, ५७० आणि ६३०.

इथे आपल्या कानाला एक सोय आहे. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कारण तो त्या तारेचा पाचवा उपसूर असतो. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे उपसूर एका घरातले असतात, म्हणून तो आवाज भरलेला आणि शांत वाटतो. रिंग मॉड्युलेटर नेमकं हेच घर मोडतो. १७०, २३०, ३७०, ४३० यांच्यात ते साधं पटीचं नातं राहत नाही. कानाला 'हा सूर अमुक' असं म्हणता येत नाही, आणि माणसाचा आवाज घंटेसारखा, पत्र्यासारखा, धातूचा वाटू लागतो. बोलण्याची लय, श्वास, त्वेष मात्र तसाच राहतो. म्हणजे समोर माणूस आहे हे कळतं, पण तो कुठल्या सुरात आहे ते सांगता येत नाही. मॅलिंडरच्या गळ्याने येणारी ती बेचैनी अशी बनते.

सरावासाठी १९७८चं 'एक्स्टेंडेड प्ले' हे ईपी, म्हणजे सिंगलपेक्षा मोठी पण अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, घ्या. चारच गाणी आहेत. त्यातलं 'हिअर शी कम्स नाऊ' हे मूळचं व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडचं, १९६८चं. आधी मूळ ऐका, मग हे. चाल माहीत झालेली असल्यामुळे तुमचं लक्ष आपोआप आवाजाच्या पोताकडे जाईल. नवख्या माणसाला याहून चांगला धडा मला माहीत नाही. त्याच ईपीवरचं 'द सेट अप' नंतर ऐका, तिथे धरायला ओळखीची चाल नाही.

चौथी पायरी: 'मिक्स-अप'

पहिला पूर्ण अल्बम, ऑक्टोबर १९७९, त्यांच्या स्वतःच्या वेस्टर्न वर्क्स स्टुडिओत केलेला. शेफील्डच्या मध्यवस्तीतल्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत ही जागा होती. घड्याळाकडे बघून तासाचं भाडं द्यायचं नसल्यामुळे एखादा आवाज मनासारखा बिघडेपर्यंत ते बसू शकत होते. १९८०मध्ये न्यू ऑर्डर या बँडनेही आपल्या सुरुवातीच्या चाचण्या तिथेच ध्वनिमुद्रित केल्या.

हा अल्बम सलग ऐकू नका, तो अवघड आहे आणि मध्ये मध्ये सैलही आहे. 'नो एस्केप' पासून सुरुवात करा. हेही दुसऱ्यांचं गाणं, सीड्स या अमेरिकन गॅरेज बँडचं. मग 'फोटोफोबिया'. बाकीचं सावकाश.

पाचवी पायरी: रेडिओवरचे, टीव्हीवरचे आवाज

१९८०चा 'द व्हॉइस ऑफ अमेरिका' लावा. पहिल्याच गाण्याच्या तोंडाशी एक अमेरिकन अधिकारी बंदोबस्ताच्या सूचना देताना ऐकू येतो. प्रेक्षकांना नाचू द्यायचं नाही, असं तो समजावतोय. त्याच्याभोवती मग ठेका सुरू होतो. त्या आवाजावर कोणी टीका करत नाही, त्याची नक्कलही करत नाही. तो नुसता कापून तिथे ठेवलेला आहे, आणि ठेवल्यामुळेच भयंकर वाटतो.

ही पद्धत साहित्यातून आली. १९५९मध्ये पॅरिसमध्ये चित्रकार ब्रायन गायसिनने वर्तमानपत्रं कापून तुकडे भलत्या क्रमाने जुळवले, अमेरिकन लेखक विल्यम बरोजने ती युक्ती उचलली आणि टेपवरही केली. कॅबरे व्होल्टेअरच्या तिघांनी ते वाचलेलं होतं, आणि कात्री चालवायचा हात त्यांना माळ्यावरच लागला होता. आज सॅम्पल म्हणून बटणावर जे मिळतं ते इथे टीव्हीसमोर रेकॉर्डर धरून, टेप हाताने चालू-बंद करून केलेलं आहे. म्हणून आवाज कधी अर्ध्या अक्षरावर तुटतो. ती तुटलेली अक्षरं मन लावून ऐका. कापणाऱ्याने काय ठेवलं आणि काय टाकलं, ते तिथे दिसतं.

याच वाटेवर 'स्लगिंग फर जीझस' हे १९८१चं गाणं आहे. त्यात अमेरिकेच्या टीव्हीवर भक्तांकडून पैसे मागणारा धर्मोपदेशक युजीन स्कॉट याचा खरा आवाज आहे. बँड अमेरिकेत फिरत असताना हा माणूस त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. आणि थोडी सवय झाली असेल तर 'थ्री मंत्राज' घ्या. नावात तीन असले तरी मंत्र दोनच आहेत, 'ईस्टर्न' आणि 'वेस्टर्न', प्रत्येकी रेकॉर्डची एक अख्खी बाजू. वीस मिनिटं एकच गोष्ट हळूहळू बदलत जाणं ऐकायला आपण ख्यालामुळे सरावलेले आहोत, त्यामुळे मराठी कानाला हा भाग पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा सोपा जाईल असं मला वाटतं.

सहावी पायरी: 'रेड मेक्का', सलग

इथपर्यंत आलात तर १९८१चा हा अल्बम एका बैठकीत, दिवे कमी करून, मध्ये न थांबता ऐका. अर्ध्या तासाचा नियम आज बाजूला ठेवायचा. हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सुरुवातीला आणि शेवटी ऑर्सन वेल्सच्या १९५८च्या 'टच ऑफ ईव्हिल' या चित्रपटातलं हेन्री मॅन्सिनीचं संगीत त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलं आहे, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये सगळा अल्बम एका अंधाऱ्या खोलीत घडतो. नुकतीच झालेली इराणची क्रांती एकीकडे, अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक दुसरीकडे, दोन्हीकडच्या कट्टरपणाची हवा त्यात आहे. पण घोषणा एकही नाही. इथे निक ऑलडे खरे ड्रम वाजवतो. पहिल्या पायरीत तुम्ही यंत्राचे सारख्या वजनाचे घाव ऐकले होते, आता माणसाच्या हाताचा फरक कानाला लगेच कळेल. 'अ थाउजंड वेज' दहा मिनिटांहून लांब आहे. त्यात मॅलिंडरचा बास जवळजवळ तेच ते वाजवत राहतो आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूने सरकतं. बासवर कान रोवून बसा. कंटाळा आला तर येऊ द्या, तो साधारण पाचव्या-सहाव्या मिनिटाला जातो.

सातवी पायरी: स्वतः करून बघा

फुकट मिळणारं ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर आणि फोनचा रेकॉर्डर एवढ्यावर हे होतं. तासाभराचं काम आहे आणि दहा लेख वाचून जे कळणार नाही ते यातून कळतं.

घरातला एखादा यंत्राचा आवाज टेपा. शिलाई मशीन, पंप, लोखंडी गेट, काहीही. त्यातला दीड-दोन सेकंदांचा तुकडा निवडा, वीस-पंचवीस वेळा पुढे पुढे चिकटवा. जोड टोचत असेल तर टोकांना अगदी बारीक फेड द्या, म्हणजे आवाज हळू उगवू आणि विरू द्या, पण पूर्ण पुसू नका. मग वेग निम्मा करा, आवाज एक सप्तक खाली जाईल. तो झाला ठेका. आता दुसऱ्या ट्रॅकवर स्वतःचा आवाज घ्या, वर्तमानपत्रातली कुठलीही बातमी वाचा. त्यावर ट्रेमोलो, म्हणजे आवाज ठराविक गतीने लहान-मोठा करणारा इफेक्ट, लावा, गती ३० हर्ट्झ, प्रमाण शंभर टक्के. हा खरा रिंग मॉड्युलेटर नव्हे, यात तुमचा मूळ सूरही शिल्लक राहतो, पण ती पत्र्याची धार येते. गती बदलून बघा. पाचवर आवाज नुसता थरथरेल, ऐंशीवर ओळखीचा राहणार नाही. शेवटी वाचनातले शब्द मध्येच कापा आणि क्रम उलटापालटा करा.

हे झाल्यावर 'नॅग नॅग नॅग' पुन्हा लावा. आता मिसळलेले थर सुटायला वेळ लागणार नाही.

यानंतर काय

ऑक्टोबर १९८१च्या सुमारास वॉटसन बँड सोडून टाइन टीज या टीव्ही कंपनीत ध्वनिमुद्रक म्हणून गेला. पुढे तो वन्यजीवनाच्या आवाजांचा जगातला एक मोठा ध्वनिमुद्रक झाला, डेव्हिड ॲटनबरोंच्या मालिकांसाठी त्याने काम केलं. त्याचा २०११चा 'एल ट्रेन फँटास्मा' जरूर ऐका. मेक्सिकोच्या, पुढे बंद पडलेल्या, प्रवासी रेल्वेमार्गावर त्याने टिपलेले रुळांचे, इंजिनांचे, जंगलाचे आवाज त्यात आहेत. गाडीच्या चाकांपासून ठेका कसा उभा राहतो ते ऐकलंत की माळ्यावरचा वॉटसन लगेच ओळखू येतो.

कर्क आणि मॅलिंडर दोघे पुढे नाचाच्या संगीताकडे वळले. त्या काळाची सुरुवात १९८३च्या 'द क्रॅकडाउन' पासून करा, आणि जॉन रॉबी या अमेरिकन निर्मात्याने मिक्स केलेलं 'यशर' ऐका. हे सगळं स्वच्छ, नीटनेटकं, मोठ्या स्टुडिओतलं आहे आणि त्याचे चाहते वेगळे आहेत. कर्क सप्टेंबर २०२१मध्ये गेला. त्याआधी वर्षभर, २०२०मध्ये, 'शॅडो ऑफ फिअर' हा अल्बम त्याने बँडच्या नावाने एकट्याने केला होता. त्याच गावचे इतर लोक ऐकायचे असतील तर ह्यूमन लीगचं १९७८चं 'बीइंग बॉइल्ड' आणि क्लॉक डीव्हीएच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड घ्या, मात्र 'रेड मेक्का' दोन-तीनदा ऐकून झाल्यावरच.